ॲपवरचं कर्ज: हातात पडलेल्या रकमेवरून खरा दर कसा काढायचा

मोबाइलवर हिरव्या पट्टीत ‘अभिनंदन! ५०,००० रुपये मंजूर’ असं झळकतं. खाली ‘फक्त १ टक्का दरमहा’ आणि त्याखाली भलंमोठं ‘पुढे जा’ बटण. बटण दाबलं की थोड्या वेळाने खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो, पण तो ४७,३०० रुपयांचा असतो. मधले २,७०० रुपये कुठे गेले हे पुष्कळांना हप्ते सुरू झाल्यावरही माहीत नसतं. त्या २,७०० रुपयांनी कर्जाचा वार्षिक दर जवळपास अकरा टक्क्यांनी वाढवलेला असतो. हा दर स्वतः काढायला कागद-पेन पुरतं, आणि तो ‘पुढे जा’ दाबण्याआधी काढायचा असतो.

आधी बघा: पैसे देतंय कोण

ॲप स्वतः कर्ज देत नाही. कर्ज देते बँक किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली वित्त कंपनी, म्हणजे एनबीएफसी. ॲप हा मधला माणूस. तेव्हा ॲपचं नाव बाजूला ठेवा आणि ‘लेंडर’ किंवा ‘कर्जदाता’ म्हणून कुणाचं नाव आहे ते शोधा. ते पहिल्या दोन-तीन पडद्यांवर सापडलं नाही, तर तिथेच थांबा.

नाव सापडलं की दोन ठिकाणी पडताळा. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ पासून आपल्या संकेतस्थळावर डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपची यादी ठेवली आहे. तिथे ॲपचं नाव आणि त्यामागची बँक वा कंपनी दिसते. मात्र ही माहिती कंपन्यांनीच भरलेली असते, रिझर्व्ह बँक ती तपासून टाकत नाही. यादीत नाव असणं म्हणजे शिफारस नव्हे. दुसरी जागा म्हणजे त्या कंपनीचं स्वतःचं संकेतस्थळ. आपण कोणकोणत्या ॲपमार्फत कर्ज देतो हे तिथे लिहिणं कंपनीला बंधनकारक आहे. दोन्हीकडे मेळ बसला की पुढे जा.

काही खुणा दिसल्या तर पडताळणीचीही गरज नाही, ॲप लगेच काढून टाका. कर्ज मिळण्याआधीच ‘प्रोसेसिंग फी’ किंवा ‘सिक्युरिटी’ म्हणून यूपीआयवर पैसे मागितले, तर ती फसवणूक आहे. खरी फी कर्जाच्या रकमेतून कापली जाते. ॲप प्ले स्टोअरवरून न येता व्हॉट्सॲपवरच्या लिंकने उतरवायला सांगितलं, तरी तेच. फोनबुक, कॉलची यादी किंवा गॅलरी यांची परवानगी मागितली, तर ते ॲप नियम मोडतंय. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या ॲपला या गोष्टींना हात लावता येत नाही. केवायसीपुरती कॅमेरा, माइक आणि लोकेशनची एकदाची परवानगी चालते, तीही तुमच्या संमतीने. फोनबुकवर इतका जोर का, तर पुढे वसुलीच्या वेळी नातेवाइकांना, साहेबांना फोन करून बदनामी करायला तेच वापरलं जातं.

अजून एक. पैसे कर्जदात्याच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत, आणि हप्ताही थेट त्याच्याच खात्यात जायला हवा. वस्तू हप्त्यावर घेताना रक्कम दुकानदाराला जाते, ते ठीक. पण कर्ज वैयक्तिक आणि हप्ता मात्र कुणा तिसऱ्याच यूपीआय आयडीवर मागितला जात असेल, तर तो भरू नका.

केएफएस: कुठल्या ओळी वाचायच्या

करार तीस-चाळीस पानांचा असतो आणि तो कुणी वाचत नाही. म्हणूनच ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ (केएफएस), म्हणजे कर्जाच्या मुख्य गोष्टींचा छोटा तक्ता आला. १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व किरकोळ (रिटेल) कर्जांना तो द्यावाच लागतो, आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत. मराठीत मागा. कर्जाची मुदत सात दिवस किंवा जास्त असेल, तर त्या तक्त्यातल्या अटी निदान तीन कामाचे दिवस कायम राहतात. ‘ऑफर दहा मिनिटांत संपेल’ असं उलटं मोजणारं घड्याळ पडद्यावर पळत असेल, तर त्याकडे लक्ष देऊ नका. तुमच्या हातात तीन दिवस आहेत.

तक्त्यात आठव्या ओळीपर्यंत सरळ या. तिथे शुल्कं दोन रकान्यांत असतात: कर्जदात्याला जाणारी, आणि त्याच्यामार्फत तिसऱ्याला जाणारी. विमा या दुसऱ्या रकान्यात लपलेला असतो. ‘कर्ज सुरक्षा’, ‘हेल्थ प्लॅन’, ‘मेंबरशिप’ अशा नावांनी तो येतो आणि अर्जात त्याची खूण बहुधा आधीच केलेली असते. खूण काढून पाहा. काढल्यावर कर्ज नाकारलं जातंय असं दिसलं, तर तसा स्क्रीनशॉट घ्या, तक्रारीला तो उपयोगी पडतो.

नववी ओळ एपीआर, म्हणजे सगळी शुल्कं धरून पडणारा वार्षिक दर. दोन कर्जांची तुलना करायला हा एकच आकडा वापरायचा. दहाव्या ओळीत उशीर, बाउन्स, मुदतीआधी फेड यांचे आकार असतात आणि ते एपीआरमध्ये धरलेले नसतात. त्यामुळे एपीआर कमी ठेवून दहावी ओळ फुगवता येते. एखादा हप्ता मागेपुढे होईल अशी शंका असेल, तर ती ओळ एपीआरइतकीच लक्ष देऊन वाचा. तक्त्याच्या दुसऱ्या भागात तक्रार अधिकाऱ्याचा फोन आणि ईमेल, कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं जाऊ शकतं का, आणि विचार बदलला तर परत करण्याची मुदत हे असतं. हा भाग पीडीएफ करून स्वतःलाच मेल करून ठेवा. ॲप बंद पडलं की आतली कागदपत्रंही मिळेनाशी होतात.

तक्त्यात न लिहिलेलं कुठलंही शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. हे लक्षात असलं की अर्धे वाद फोनवरच मिटतात.

आता हिशेब

वरचंच कर्ज घेऊ. रक्कम ५०,०००, मुदत १२ महिने, दर ‘महिना १ टक्का’. हा दर सरळ व्याजाचा आहे, इंग्रजीतला ‘फ्लॅट’. म्हणजे वर्षाचे १२ टक्के पूर्ण ५०,००० वर लावले: ६,००० रुपये. एकूण परतफेड ५६,००० आणि हप्ता ४,६६७.

खोट इथे आहे. पहिल्या हप्त्यापासून तुम्ही मुद्दलही फेडत असता. सहा महिन्यांनी तुमच्याकडे त्यांचे निम्मेच पैसे उरलेले असतात, पण व्याज मात्र पूर्ण ५०,००० चं भरत असता. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर सुमारे २१.५ टक्के होतो.

आता कपात धरू. प्रोसेसिंग फी ३ टक्के म्हणजे १,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी २७०, आणि विमा ९३०. एकूण २,७००. हातात आले ४७,३००. हप्ता मात्र ५०,००० च्याच हिशेबाने.

स्प्रेडशीट असेल तर ‘रेट’ हे सूत्र घ्या. त्यात क्रमाने तीन आकडे भरायचे: हप्त्यांची संख्या १२, हप्त्याची रक्कम ४,६६६.६७ (आधी वजा चिन्ह लावून), आणि हातात पडलेली रक्कम ४७,३००. उत्तर महिन्याचा दर म्हणून येतं, २.७ टक्के. त्याला १२ ने गुणा: ३२.४ टक्के. वजा चिन्ह विसरलं तर सूत्र चूक दाखवतं. आणि तिसऱ्या जागी ५०,००० भरले तर कपात गायब होऊन दर २१.५ दिसतो. सर्वांत जास्त चूक इथेच होते.

संगणक नसेल तर हे करा. एकूण परतफेडीतून हातात पडलेली रक्कम वजा करा: ५६,००० वजा ४७,३००, म्हणजे ८,७००. त्याला २४ ने गुणा (हप्ते कितीही असोत, २४च): २,०८,८००. आता हातातल्या रकमेला हप्त्यांच्या संख्येपेक्षा एकाने जास्त आकड्याने गुणा: ४७,३०० गुणिले १३, म्हणजे ६,१४,९००. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ०.३४, म्हणजे ३४ टक्के. ही रीत खऱ्या दरापेक्षा थोडं जास्त दाखवते, पण फोनच्या कॅल्क्युलेटरवर एका मिनिटात होते आणि निर्णयाला पुरते. हप्ते मासिक आणि सारखे असले तरच ती चालते.

गावाकडे ‘शेकडा तीनने पैसे काढले’ म्हणतात तेव्हा तो महिन्याचा, उरलेल्या मुद्दलावरचा दर असतो. त्या भाषेत सांगायचं तर ‘फक्त १ टक्का’ म्हणवणारं हे कर्ज शेकडा पावणेतीनच्या आसपास पडलं. सावकाराच्या दराला महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याची चौकट आहे. वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. रिझर्व्ह बँकेनेही त्यांच्या दरावर ठरावीक कमाल मर्यादा घातलेली नाही, दर अवाजवी नसावा एवढंच सांगितलं आहे. ते निव्वळ कागदावर राहिलं असंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये दरांच्या कारणावरून चार वित्त कंपन्यांना नवी कर्जं देण्यापासून काही काळ रोखलं गेलं. तरी रोजच्या व्यवहारात स्वतःचा हिशेब हाच तुमचा खरा आधार.

हाच हिशेब पतसंस्थेच्या कर्जालाही लावा, फक्त एक फरक ठेवून. पतसंस्था कर्ज देताना शेअर्सची रक्कम कापते. ती फी नव्हे. कर्ज संपल्यावर सभासदत्वाचा राजीनामा दिला की नियमाप्रमाणे परत मिळते. म्हणून हातातल्या रकमेतून ती वजा धरायची आणि शेवटच्या महिन्यात परत आलेली दाखवायची. नाहीतर पतसंस्थेचं कर्ज उगाच महाग दिसतं.

पंधरा दिवस, तीस दिवसांची कर्जं

यांवरच सध्या सर्वांत मोठा वाद आहे. उदाहरणासाठी १०,००० रुपये, ३० दिवस, व्याज वार्षिक ३६ टक्के. व्याज झालं २९६. प्रोसेसिंग फी ८०० आणि जीएसटी १४४ आधीच कापले, हातात ९,०५६. महिन्याने द्यायचे १०,२९६. जादा गेले १,२४०. भागिले ९,०५६, गुणिले ३६५, भागिले ३०: वार्षिक दर सुमारे १६७ टक्के.

ॲपवाल्यांचं म्हणणं असं की हा आकडा फसवा आहे. केवायसी, सिबिलचा (पत तपासणीचा) अहवाल, पैसे पाठवणं आणि वसूल करणं यांचा खर्च दहा हजारांना आणि पाच लाखांना जवळपास सारखाच येतो. महिन्याभराच्या कर्जाला वर्षाचा दर लावला की तो अक्राळविक्राळ दिसणारच. यात तथ्य आहे. एकदाच अडचण आली, पगाराच्या तारखेला फेडलं आणि विषय संपला, तर १,२४० रुपये ही अडचणीची किंमत म्हणून एखाद्याला परवडेलही.

पण असं कर्ज क्वचित एकदाच घेतलं जातं. पगारातून १०,२९६ गेले की तो महिना पुन्हा अपुरा पडतो, आणि पहिलं फेडायला दुसरं घेतलं जातं. सहा महिने हे चक्र चाललं तर ७,४४० रुपये खर्च होतात आणि मूळचे दहा हजार देणं तसंच उरतं. तेव्हा १६७ टक्के हा फसवा आकडा राहत नाही, तोच खरा होतो. म्हणून नियम साधा ठेवा: हे कर्ज फेडल्यानंतरच्या महिन्याचा किराणा, भाडं आणि फी कर्जाशिवाय भागेल का, हे लिहून काढा. भागत नसेल तर तीस दिवसांचं कर्ज घेऊ नका. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण कर्ज विचारा. दर बहुधा याच्या कितीतरी खाली असतो.

या वादात दुसरा एक धागा आहे, तो कर्जदाराला दिसत नाही पण त्याच्यावर परिणाम करतो. पूर्वी काही ॲप कंपन्या वित्त कंपनीला सांगत, ‘पैसे तुमचे, बुडाले तर भरून आम्ही देऊ.’ तोटा सोसावा लागणार नसेल तर अर्ज नीट कोण तपासणार? जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही हमी कर्जांच्या ५ टक्क्यांवर आणून ठेवली. त्यानंतर अर्ज जास्त नाकारले जातात, अशी लोक तक्रार करतात. पण फेडता येणार नाही असं कर्ज नाकारणारा कर्जदाता हा तुमच्या बाजूचा असतो, असं आमचं ठाम मत आहे.

शून्य टक्के हप्ता

असं काही नसतं. रिझर्व्ह बँकेने हे २०१३ मध्येच बँकांना सांगून ठेवलं आहे. दुकानात दोनच प्रश्न विचारा: ‘रोख दिले तर कितीला?’ आणि ‘प्रोसेसिंग किती?’ समजा २४,००० चा फोन, सहा हप्ते ४,००० चे. रोखीने तोच २२,५०० ला मिळत असेल, तर तुम्ही २२,५०० चं कर्ज काढून २४,००० फेडताय. दर सुमारे २२.५ टक्के, प्रोसेसिंग वेगळं. रोखीची किंमत खरोखरच २४,००० असेल आणि प्रोसेसिंग नसेल, तर खुशाल हप्ते करा. तिथे व्याज उत्पादक किंवा दुकानदार सोसतोय.

बटण दाबताना

हप्त्यासाठी बँक खात्यावर ई-मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापण्याची परवानगी घेतली जाते. त्यातली कमाल रक्कम बघा. हप्ता ४,६६७ असताना मँडेट ५०,००० चं असू शकतं. ते सही करण्याआधी कमी करायला सांगा. हप्त्याची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांनी ठेवा. पगार एक तारखेला आणि हप्ताही एक तारखेलाच असेल तर मँडेट सकाळी लागतं, पगार दुपारी येतो आणि बाउन्स होतो. मग दोन्हीकडून मार बसतो: तुमची बँक वेगळं शुल्क घेते आणि कर्जदाता वेगळं.

कर्ज घेऊन पश्चात्ताप झाला तर परत करता येतं. डिजिटल कर्जाला निदान एक दिवसाची मुभा असतेच, काही कंपन्या जास्त देतात. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचा आकार भरला की दंड लागत नाही. प्रोसेसिंग फी ठेवून घेता येते, पण तक्त्यात तसं आधी लिहिलेलं असेल तरच. ही मुदत दिवसांत असते, म्हणून पैसे आले त्याच संध्याकाळी ठरवा. आणि कर्जाची मर्यादा आपोआप वाढवून दिली असेल तर ती नाकारा. तुम्ही स्पष्ट मागितल्याशिवाय ती वाढवता येत नाही.

हप्ता चुकला तर

पैसे जमणार नाहीत हे दिसताच, हप्त्याच्या तारखेआधी कर्जदात्याच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो. उशिरासाठी दंड आकारता येतो, पण तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. हिशेबाचा उतारा मागवा आणि हे दोन्ही तपासा. उरलेल्या रकमेवरचं नेहमीचं व्याज मात्र चालूच राहतं.

वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. एजंट कोण आहे हे कर्जदात्याने आधी मेसेज किंवा ईमेलने कळवायचं असतं. न कळवलेल्या माणसाला काहीच भरू नका. त्याने पाठवलेल्या क्यूआर कोडवर तर नाहीच. हप्ता ॲपमधून किंवा कर्जदात्याच्या संकेतस्थळावरून भरा. धमकी, शिवीगाळ, फोटोत छेडछाड असं झालं तर स्क्रीनशॉट आणि कॉलची वेळ जपून १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर आणि जवळच्या पोलिस ठाण्यात तक्रार द्या. नियमभंगाची तक्रार आधी कंपनीकडे करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. अर्ज रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर होतो, माहिती १४४४८ वर मिळते. पहिली तक्रार केल्याचा पुरावा जोडला नाही तर अर्ज परत येतो. बेकायदा ॲप असेल तर रिझर्व्ह बँकेच्याच ‘सचेत’ पोर्टलवर कळवा.

कर्ज संपल्यावर

शेवटचा हप्ता गेला म्हणजे खातं बंद झालं असं नाही. एखाद दिवसाच्या उशिराचे बारा-पंधरा रुपये शिल्लक राहतात, कुणी सांगत नाही, आणि सिबिलवर वर्षभर ‘थकबाकी’ दिसत राहते. दोन वर्षांनी गृहकर्जाच्या वेळी ते समोर येतं. म्हणून शेवटच्या हप्त्यानंतर शून्य शिलकीचा उतारा आणि ‘नो ड्यूज’ पत्र मागा, आणि बँकेत जाऊन मँडेट रद्द करा. महिना-दीड महिन्याने पत अहवाल काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट देतात. चूक असेल तर तक्रार नोंदवा. ती ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा तुमचा हक्क आहे. मागितली नाही तर ती आपणहून बहुधा येत नाही, म्हणून तक्रार क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा आणि एकतिसाव्या दिवशी मेल पाठवा.